पापुद्र्याचा सूर आणि प्रकाशाचा कान



पत्रिकेवर आजच्या विषयाचे जे लांबलचक नाव छापले आहे ते वाचून काही मंडळी घरीच राहिली असतील, आणि त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. ‘बहुवारिकांच्या पटलांची स्थितिस्थापकता प्रकाशाच्या प्रकीर्णनाने मोजण्याचा इतिहास’ हे शब्द एका दमात उच्चारणे हीच एक कसरत आहे. तेव्हा ते नाव तूर्त खुंटीला टांगून ठेवू आणि आधी एका तबल्याच्या दुकानात जाऊ.

माझ्या लहानपणी आमच्या आळीच्या तोंडाशी तबले दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर बसत. शाळेतून परतताना मी तेथे हटकून रेंगाळे. नवी पुडी चढवली, वाद्या ओढल्या, गठ्ठे बसवले, की ते हातोडीने गजऱ्यावर एक बेताचा ठोका देत, मग बोटाने किनार वाजवीत, मान कलती करून ऐकत आणि पुन्हा ठोका. पुडीला ताण किती बसला आहे हे त्यांनी कधी तराजूत घालून पाहिले नाही. पुडीला हलवायचे आणि ती काय सांगते ते ऐकायचे, एवढीच त्यांची रीत. चामडे ताणलेले असेल तर स्वर चढा, सैल असेल तर उतरलेला. ही रीत किती शास्त्रशुद्ध आहे याची साक्ष चंद्रशेखर वेंकट रामन यांनीच दिलेली आहे. आपल्या मृदंग-तबल्यांच्या शाईमुळे त्यांचे उपस्वर सुरेल कसे होतात यावर त्यांनी १९२० साली ‘नेचर’ नियतकालिकात एका सहकाऱ्यासह टिपण प्रसिद्ध केले होते. हे रामन आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहेत, आणि तेही एका वेगळ्या पुडीच्या निमित्ताने.

आता अशी कल्पना करा की पुडी चामड्याची नाही, प्लास्टिकची आहे, आणि तिची जाडी आहे तीस नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. असे दोन-अडीच हजार पापुद्रे एकावर एक रचावे तेव्हा कोठे आपल्या डोक्यावरच्या एका केसाइतकी जाडी होईल. या पुडीला हातोडी कोणती लावणार? बोट कोणते? आणि तिचा स्वर ऐकण्यासाठी कान कोठून आणणार?

हा प्रश्न कोणा रिकामटेकड्या पंडिताला सुचलेला नाही. आज आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करण्याचे जे यंत्र भिंतीवर टांगलेले असते, त्यातील व्यस्त परासरणाच्या पटलात क्षारांना अडवण्याचे खरे काम करणारा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास जाडीचा असतो. तो बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा असतो आणि त्याला पाण्याचा दाब सोसावा लागतो. संगणकाच्या चिपा घडवतानाही अशाच बहुवारिकाच्या थरात अतिसूक्ष्म रेघा कोराव्या लागतात, आणि त्या रेघा आपल्याच नाजूकपणाने आडव्या झाल्या की सगळी मेहनत फुकट जाते. मात्र या व्यवहारी गरजेच्या मागे एक जुना आणि मूलभूत प्रश्न दडलेला आहे. एखादा पदार्थ आपण पातळ, अधिक पातळ, त्याहून पातळ करीत गेलो, तर तो तोच पदार्थ राहतो काय?

बहुवारिकांच्या बाबतीत हा प्रश्न फारच टोकदार होतो. जर्मन रसायनज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली असे प्रतिपादन केले की रबर, सेल्युलोज यांसारखे पदार्थ म्हणजे लहान रेणूंची मोट नसून हजारो दुवे जोडून झालेल्या अखंड साखळ्या आहेत. तेव्हा मोठमोठ्या रसायनज्ञांनी त्यांना वेड्यात काढले. १९५३ साली त्याच श्टाउडिंगरांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही लांब साखळी पदार्थात सरळ पसरून राहत नाही. लोकरीच्या गुंड्यासारखी स्वतःभोवती वेटोळी घालून राहते, आणि साखळी पुरेशी लांब असली तर या गुंड्याचा पसारा काही दशके नॅनोमीटर भरतो. म्हणजे आपला तीस नॅनोमीटरचा पापुद्रा त्यातल्या एकेका रेणूच्या पसाऱ्याहूनही पातळ असू शकतो! पाच फुटी माळ्यावर सहा फुटी पाहुण्याने उभे राहावे, तशी ही अवस्था. तो पाहुणा तेथे नेहमीसारखा वागेल काय?

स्थितिस्थापकता मोजण्याची रूढ पद्धत अर्थात रॉबर्ट हुक यांची. १६७८ साली त्यांनी आपला नियम स्पष्ट मांडला: ओढ जितकी, ताण तितका. वजन टांगा, लांबी किती वाढली ते पाहा. महाविद्यालयात आम्हालाही तारेला वजने टांगून यंग यांचा गुणांक काढावा लागे. माझ्या वाट्याला आलेली तार चौथ्या वजनाला तुटली आणि प्रयोगशाळेच्या सेवकाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी अद्याप विसरलेलो नाही. पोलादी तारेची ही कथा, तर तीस नॅनोमीटरच्या पापुद्र्याला वजन टांगण्याची गोष्टच नको. त्याला चिमट्यात धरले तरी आपण पापुद्र्याची ताकद मोजत आहोत की चिमट्याने केलेली जखम, हे सांगता यायचे नाही. जे नाजूक आहे त्याला हात न लावता मोजले पाहिजे. पण हात लावायचा नाही तर आघात कोणी करायचा?

याचे उत्तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मिळाले. आघात करण्याची गरजच नाही, तो सतत चालूच आहे! पोलंडचे मारियान स्मोलुखोव्स्की आणि आपल्या सर्वांच्या परिचयाचे आल्बर्ट आइन्स्टाइन या दोघांनी निरनिराळ्या वाटांनी हे दाखवून दिले की उष्णता म्हणजे रेणूंची अखंड धावपळ असल्यामुळे कोणतीही वस्तू पूर्णपणे स्वस्थ अशी कधी नसतेच. काचेच्या पेल्यातले निश्चल पाणी आतून क्षणोक्षणी कोठे दाट, कोठे विरळ होत असते. स्मोलुखोव्स्कींनी १९०८ साली या चढउतारांचा प्रकाशाशी संबंध जोडला. वायू आणि द्रव यांतला भेद मिटण्याच्या बेतात येतो त्या क्रांतिक अवस्थेत पदार्थ एकाएकी दुधी का दिसू लागतो, याचे कारण हे चढउतार प्रकाश विखरून टाकतात हेच होय. आइन्स्टाइन यांनी १९१० साली त्याचे पक्के गणित दिले. स्मोलुखोव्स्की १९१७ साली क्रॅको येथे अतिसाराच्या साथीत वारले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचेचाळीस होते. ते जगते तर पुढच्या कथेतील पुष्कळशी नावे कदाचित वेगळी असती.

या सिद्धान्तातील एक गोष्ट मनाशी घट्ट धरून ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे. उष्णता ही फार समदर्शी अन्नदाती आहे. पदार्थाला हलण्याच्या जितक्या तऱ्हा आहेत, त्या प्रत्येकीच्या पानात ती सरासरीने सारखाच शिधा वाढते. ताठ वस्तू तेवढ्या शिध्यावर किंचितच हलते, मऊ वस्तू अधिक हलते. म्हणून कंपाचा विस्तार पाहिला की मऊपणा कळतो. आणि कंप किती जलद आहे ते पाहिले की पदार्थातून ध्वनी किती वेगाने धावतो ते कळते. ध्वनीच्या वेगाचा वर्ग करून त्याला घनतेने गुणले की स्थितिस्थापकतेचा गुणांक हाती येतो. आमच्या आळीतल्या कारागिरांच्या हातोडीचे काम उष्णता करते, आणि तिची मजुरी द्यावी लागत नाही.

राहता राहिला कान. तो प्रकाशाचा. पण हा कान लगेच तयार झाला नाही, त्याला घडायला साठ-सत्तर वर्षे लागली.

पहिले पाऊल पृष्ठभागावर पडले. द्रवाचा पृष्ठभाग आपल्याला आरशासारखा गुळगुळीत वाटतो. उष्णतेच्या हिशेबाने तोही थरथरत असला पाहिजे. त्याच्यावर अतिसूक्ष्म लहरी सदैव उठत असल्या पाहिजेत आणि पृष्ठताण त्यांना दाबून धरत असला पाहिजे. पाण्याच्या बाबतीत या लहरींची उंची नॅनोमीटरचा काही अंशच भरते, म्हणजे साधारण एका रेणूएवढी. रशियन भौतिकशास्त्रज्ञ लिओनिद मांडेलश्टाम यांनी १९१३ साली, ते स्ट्रासबुर्गला असताना, या खडबडीतपणाने प्रकाश किती विखुरला पाहिजे याचे गणित प्रसिद्ध केले. ज्या दोन द्रवांच्या सीमेवरचा ताण जवळजवळ नाहीसा झाला आहे अशा ठिकाणी हे विखुरणे डोळ्यांना दिसते, हेही त्यांनी दाखवले.

पण नेहमीच्या साध्या द्रवांच्या पृष्ठभागाकडे या दृष्टीने पद्धतशीर पाहिले ते कलकत्त्यात. रामन १९२१ साली विलायतेहून ‘नारकुंडा’ बोटीने परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने कसे भारावले आणि १९२८ साली त्याची परिणती कशात झाली, ही कथा शाळकरी मुलांनाही पाठ आहे. ती मी पुन्हा सांगत नाही. मला सांगायचे आहे ते या दोन सालांच्या मधले. १९२५ साली रामन आणि त्यांचे तरुण सहकारी एल्. ए. रामदास यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात एक निबंधमाला प्रसिद्ध केली. द्रवांच्या सीमांवरून होणारे प्रकाशाचे प्रकीर्णन आणि त्याचा पृष्ठताणाशी संबंध, हा तिचा विषय. पृष्ठभागावर जो मंद उजेड पसरलेला दिसतो तो धुळीचा किंवा मळाचा नसून द्रवाच्या अंगच्याच थरथरीचा आहे, आणि त्याच्या तेजाचे ताणाशी नाते आहे, हे त्यांनी उघड केले. बोबाजार रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेत तेव्हा वीज आणि यंत्रे यांची चैन नव्हती. सूर्य हा दिवा, आणि पाहणाऱ्याचा अंधाराला सरावलेला डोळा हे उपकरण. आपला आजचा विषय हिंदुस्थानच्या भूमीवर प्रथम येथे उगवला, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. रामन यांच्या १९२८ च्या सूर्यासमोर ही समई दिसेनाशी झाली, एवढेच.

या रामदासांचा पुढचा प्रवास महाराष्ट्राला जवळचा आहे. ते हवामान खात्यात गेले आणि पुण्याच्या वेधशाळेत, म्हणजे पुणेकर ज्या इमारतीला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात तेथे, १९३२ साली निघालेल्या कृषी-हवामान शाखेची धुरा त्यांनी सांभाळली. निरभ्र रात्री उघड्या जमिनीलगत सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसते, वीतभर किंवा त्याहून थोडी वर असते, हे त्यांनी त्याच साली प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य पंडितांनी कित्येक वर्षे ते मोजणीतील चूक समजून बाजूला सारले. पुढे तो थर ‘रामदास थर’ या नावानेच ओळखला जाऊ लागला. द्रवाचा पृष्ठभाग असो की काळ्या मातीचा, सीमेवर काय चालते ते जवळ जाऊन पाहण्याची त्यांची खोड मोठी नामी होती. असो, आपण पापुद्र्याकडे वळू.

पृष्ठभागाची थरथर झाली, तरी पदार्थाच्या पोटातल्या कंपांचे काय? फ्रान्समध्ये लिऑं ब्रिलुआं यांनी १९२२ साली याचे उत्तर कागदावर मांडले. मांडेलश्टाम स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले आणि त्यांनी तो १९२६ साली प्रसिद्ध केला. पदार्थात उष्णतेमुळे सर्व दिशांनी ध्वनीच्या लाटा धावत असतात. त्यांचे स्वर आपल्या कानांच्या टप्प्याच्या कितीतरी पलीकडचे असतात. अशा धावत्या लाटेवरून प्रकाश परतला की त्याचा रंग किंचित बदलतो. शिट्टी फुंकत आगगाडी आपल्याकडे येत असताना स्वर चढा ऐकू येतो आणि ती पुढे निघून गेली की उतरतो, हे आपण फलाटावर अनुभवलेले आहे. तीच गोष्ट येथे. आपल्याकडे येणारी लाट प्रकाश थोडा निळसर करते, दूर जाणारी थोडा तांबूस. म्हणून विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात मूळ रेषेच्या दोन्ही अंगांना एकेक जुळी रेषा उमटली पाहिजे. मूळ रेषेपासूनचे त्यांचे अंतर म्हणजे त्या लाटेचा स्वर.

‘किंचित’ म्हणजे किती ते ऐका. हिरव्या प्रकाशाचे दर सेकंदाला ५८० लक्ष कोटींच्या आसपास कंप होतात. त्यात होणारा बदल एक हजार कोटींच्या घरातला, म्हणजे सुमारे साठ हजारांत एक. एवढा फरक ओळखणारे उपकरण त्या काळी विरळा. मांडेलश्टाम आणि लांड्सबेर्ग मॉस्कोमध्ये स्फटिकातला हाच बारीक फरक शोधत बसले होते. १९२८ साली त्यांना तो न सापडता दुसराच, पुष्कळ मोठा फरक सापडला आणि तो नेमका कलकत्त्यात रामन यांनाही सापडलेला होता! सुई शोधताना तलवार हाती लागावी, तसे झाले. ती सुई मात्र १९३० साली लेनिनग्राडच्या येव्गेनी ग्रोस यांनी द्रवांमध्ये शोधून काढली.

एवढे होऊनही बहुवारिकांचा पापुद्रा अजून दूर होता. मधल्या काळात पीटर डिबाय यांनी १९४४ साली द्रावणातील साखळ्यांचे वजन प्रकाश विखुरण्यावरून काढण्याची युक्ती दिली. तिने बहुवारिकांच्या रसायनशास्त्राचे फार मोठे काम केले. पण तो वजनाचा हिशेब, ताठपणाचा नव्हे. खरी अडचण दिव्याची होती. पाऱ्याच्या दिव्याची रेषा कितीही बारीक केली तरी अंगाने जाड, आणि जुळ्या रेषा तिच्या इतक्या जवळ की तिच्याच सावलीत बुडून जायच्या. १९६० साली लेसर अवतरला आणि ही अडचण एका फटक्यात दूर झाली. थोड्याच वर्षांत, १९६७-६८ साली, कॅटिल आणि इंगार्ड या दोघांनी अमेरिकेत द्रवाच्या पृष्ठभागावरच्या त्या लहरींचा नुसता उजेड नव्हे, तर त्यांची कंप्रताही लेसरने मोजली. मांडेलश्टामचा कागद आणि रामन-रामदासांचा डोळा यांना आता घड्याळ मिळाले. पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा बहुवारिकाचा थर पसरून त्याची लवचीकता मोजण्याचे काम पुढे याच वाटेने झाले.

आणखी एक अडथळा होता. पापुद्र्यातून परतणारा कंपित प्रकाश अत्यंत क्षीण, आणि त्याच्या शेजारी न बदललेला प्रकाश दांडगा. नगाऱ्याशेजारी बसून डासाची गुणगुण ऐकण्याचा हा प्रकार! फाब्री आणि पेरो या फ्रेंच जोडीने १८९९ च्या सुमारास सिद्ध केलेले, समोरासमोर दोन अर्धपारदर्शक आरसे असलेले उपकरण सूक्ष्म फरक ओळखण्यात पटाईत होते. पण नगारा त्याच्याने दबेना. स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे जॉन सँडरकॉक यांनी १९७० च्या सुमारास तोच प्रकाश त्याच आरशांमधून पुनःपुन्हा धाडण्याची रीत बसवली. एका चाळणीतून पीठ गाळले तर थोडा कोंडा राहतो, तेच चार-पाच वेळा गाळले तर उरत नाही. इतकी साधी कल्पना, पण आरसे कमालीचे स्थिर ठेवावे लागतात. १९७२ साली त्यांनी पातळ पापुद्र्यांच्या वर्णपटातील विशेष रचना दाखवली. प्रकाशाचा कान आता पापुद्र्यापर्यंत पोचला.

जे ऐकू येणार होते त्याचे व्याकरण तर आधीच लिहून ठेवलेले होते. इंग्रज गणिती होरेस लँब यांनी १९१७ साली, महायुद्धाच्या धुमाळीत, लवचीक पत्र्यात लाटा कशा धावतात यावर एक निबंध लिहिला होता. एका तऱ्हेत पत्रा ध्वजासारखा वरखाली लवतो, दुसऱ्या तऱ्हेत तो स्वतःच्या पातळीत आखडतो आणि पसरतो, त्याबरोबर जाडीही किंचित कमीअधिक होते. येथे माझ्या तबल्याच्या उपमेत एक दुरुस्ती करतो, नाहीतर जाणकार मला गाठतील. तबल्याची पुडी वाजते ती मुख्यतः बाहेरून दिलेल्या ताणामुळे. झांज वाजते ती तिच्या अंगच्या ताठपणामुळे, तिला कोणी ताणलेले नसते. या पापुद्र्याच्या द्रुत लाटा झांजेच्या जातीच्या आहेत. म्हणूनच त्यांच्यावरून ताण नव्हे, तर पदार्थाचा स्वतःचा गुणांक हाती येतो.

आता आपण कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील ग्वेल्फ विद्यापीठात जाऊ. काल गेल्या शतकाचे शेवटचे दशक. तेथे जॉन डचर, जेम्स फॉरेस्ट, कारी दाल्नोकी-व्हेरेस आणि त्यांचे सहकारी पॉलिस्टायरीनचे पापुद्रे करीत होते. पॉलिस्टायरीन म्हणजे काही दुर्मिळ वस्तू नव्हे. गाण्यांच्या तबकड्यांच्या पारदर्शक डब्या त्याच्याच, आणि सामानाभोवतीचा हलका पांढरा फेसही त्याचाच. हा पदार्थ टोल्वीनमध्ये विरघळवून अभ्रकाच्या पत्र्यावर थेंब टाकायचा आणि पत्रा गरगर फिरवायचा. द्रावण पसरते, टोल्वीन उडून जाते, मागे समान जाडीचा पापुद्रा उरतो. तो तापवून त्यातला अंतर्गत ताण घालवायचा. मग अभ्रक हळूच पाण्यात बुडवायचे म्हणजे पापुद्रा सुटून पाण्यावर तरंगू लागतो, आणि मधोमध काही मिलिमीटरचे भोक असलेल्या पट्टीवर तो अलगद उचलून घ्यायचा. तापल्या दुधावरची साय न फाटता उचलण्याचे कसब ज्या घरात आहे तेथे या कृतीचे मर्म अधिक सांगायला नको. भोकावर पापुद्रा आता अधांतरी, खाली हवा, वर हवा. त्याच्यावर हिरव्या लेसरचा झोत टाकायचा आणि विखुरलेला प्रकाश सँडरकॉकच्या आरशांतून गाळायचा.

हा खटाटोप कशासाठी? तर १९९४ साली केंब्रिजचे केडी, जोन्स आणि कोरी यांनी एक चमत्कारिक गोष्ट जाहीर केली होती. पॉलिस्टायरीन साधारण शंभर अंश सेल्सियसच्या आसपास काचेसारखे कठीण असण्याचे सोडून मऊ होऊ लागते. याला काच-संक्रमणाचे तापमान म्हणतात. (कृपया याला ‘काचबिंदू’ म्हणू नका, तो नेत्रवैद्यांचा प्रांत.) सिलिकॉनवर चिकटलेला पातळ थर मात्र याहून कमी तापमानालाच मऊ होतो, असे त्या तिघांना आढळले. पण थर चिकटलेला असला तर आधाराचा प्रभाव किती आणि पातळपणाचा किती, हे वेगळे कसे करणार? म्हणून अधांतरी पापुद्रा हवा होता.

ग्वेल्फच्या मंडळींनी पापुद्रा हळूहळू तापवला आणि प्रकाशाच्या कानाने त्यातील लाटांचा वेग ऐकत राहिले. तापताना वेग उतरत जातो, आणि एका ठिकाणी त्या उताराची चाल एकाएकी बदलते. तेच संक्रमणाचे तापमान. १९९६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही बाजूंनी मोकळ्या पापुद्र्यात, जाडी साखळीच्या गुंड्याच्या पसाऱ्याहून कमी होत गेली की, ते तापमान सरळ रेषेत घसरत जाते आणि घसरण साठ अंशांपर्यंत पोचते! साठ अंश. म्हणजे जो पदार्थ उकळत्या पाण्याच्या आसपास मऊ व्हायचा, तो चाळीस अंशांना, आपल्या वैशाखातल्या दुपारी, सावलीतसुद्धा मऊ व्हायला लागावा. शिवाय साखळी लांब की आखूड यानेही उत्तर बदलत होते. माळ्याची उंची आणि पाहुण्याची उंची यांचा खरोखरच संबंध होता. आधारावर चिकटलेल्या थरांमध्ये मात्र घसरण किरकोळ निघाली.

ज्या पापुद्र्याचे मऊ होण्याचे तापमान इतके खाली आले, तो खोलीच्या तापमानालाही ढिला पडलेला असेल, असाच कोणाचाही तर्क धावेल. माझाही धावला असता. त्याच गटाने १९९८ साली अधांतरी पापुद्र्यांच्या स्थितिस्थापकतेची मोजणी प्रसिद्ध केली. जाडी सुमारे तीस नॅनोमीटरपासून दोनशेच्या घरापर्यंत. लँब यांच्या गणितात लाटांचे वेग घातले, गुणांक काढले, आणि ते निघाले जाड तुकड्याइतकेच! जाड पॉलिस्टायरीनमध्ये ध्वनीची दाबलहर सेकंदाला सुमारे २३५० मीटर धावते, हवेतल्या ध्वनीच्या जवळजवळ सातपट. पापुद्र्याच्या लाटाही याच पदार्थाच्या गुणांकांनी बिनचूक समजावता येत होत्या, वेगळे काही गृहीत धरावे लागत नव्हते. पाहुणा वाकून उभा होता, पण त्याच्या हाडांचा ताठपणा तोच होता.

हा वाद येथे मिटला असता तर बरे झाले असते, पण शास्त्र इतके सोयीस्कर नसते. २००५ साली अमेरिकेत ओ’कॉनेल आणि मॅकेना यांनी एक वेगळी रीत काढली. चाळणीच्या अतिसूक्ष्म भोकांवर पापुद्रा पसरून खालून हवेचा दाब दिला आणि फुगलेले बुडबुडे अणुबल-सूक्ष्मदर्शकाने मोजले. पुरी फुगते तसे. त्यांना असे आढळले की तापून रबरासारख्या झालेल्या अवस्थेत पातळ पापुद्रा जाड पदार्थाहून कितीतरी अधिक ताठ वागतो. म्हणजे मऊ पडणे तर दूरच, उलट! आणि लगेच २००६ साली क्रिस्तोफर स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रबराच्या गादीवर पापुद्रा ठेवून ती गादी दाबली, त्यावर पडलेल्या सुरकुत्यांची रुंदी मोजली आणि त्यावरून सांगितले की खोलीच्या तापमानाला पॉलिस्टायरीनचा थर चाळीस नॅनोमीटरच्या खाली गेला की मऊ होत जातो.

तीन साक्षीदार, तीन जबान्या. खोटे कोणीच बोलत नसावे, कारण प्रत्येकाने विचारलेला प्रश्न वेगळा आहे. प्रकाश ज्या कंपाची साक्ष देतो तो सेकंदाला शेकडो कोटी वेळा होणारा. एवढ्या घाईत साखळीला कूस बदलायलाही सवड नसते, म्हणून तिचा खरा ताठपणाच प्रकट होतो. बुडबुडा फुगत असताना साखळीला सावकाश सरकायला, वळायला, गाठी सोडवायला अवधी मिळतो, आणि ती रबरी अवस्थाही निराळी. सुरकुतीच्या पापुद्र्याची एक बाजू गादीला टेकलेली, दुसरी मोकळी. सुरकुतीवाल्यांच्या मते मोकळ्या बाजूचा काही थोड्या नॅनोमीटरांचा थर मुळातच मऊ असतो, आणि पापुद्रा जसजसा पातळ होईल तसतसा त्या थराचा वाटा वाढत जातो. मला स्वतःला हे स्पष्टीकरण आवडते. पण मग दोन मोकळ्या बाजू असलेल्या ग्वेल्फच्या पापुद्र्यात तो मऊपणा दुप्पट दिसायला हवा होता, असे कोणी विचारले तर ‘तेथे सवड नव्हती’ एवढेच उत्तर माझ्यापाशी आहे, आणि ते पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही.

सुरकुत्यांचा मऊपणा चाळीस नॅनोमीटरच्या खाली सुरू होतो आणि प्रकाशाने ऐकलेले त्या मालिकेतले सर्वांत पातळ पापुद्रे तीसच्या आसपासचे होते. दोन्ही जबान्या एकमेकींसमोर उभ्या राहतात त्या जेमतेम दहा नॅनोमीटरांच्या या पट्टीत.